वाकलेल्या पिना

१

अभिरामने बटण दाबलं. पंखे फिरले, कॅबिनेटच्या काचेमागे लाल दिवा लागला, पण स्क्रीन काळाच राहिला.

त्याने बंद करून पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"रुक भिया, केबल बघू," ऋषभ म्हणाला. केबल बरोबर होती. ग्राफिक्स कार्ड त्याच सकाळी अभिरामने स्वतःच्या हाताने बसवलं होतं, तेही नीट बसलेलं होतं. मेमरीच्या पट्ट्या काढून, पुसून परत लावल्या. शेवटी ऋषभने प्रोसेसरवरचा पंखा सोडवला, बारीकशी तरफ उचलून प्रोसेसर बाहेर काढला आणि मोबाइलचा टॉर्च खाली धरला.

मदरबोर्डवर प्रोसेसर ज्या चौकोनी सॉकेटमध्ये बसतो, त्यात केसासारख्या सोनेरी पिना ओळीने उभ्या असतात. एका कोपऱ्यातल्या पिना आडव्या पडल्या होत्या. एक तर पार उलटी वळली होती.

"हे आपोआप नाही होत," ऋषभ हळूच म्हणाला. "किसी ने किया है."

अभिराम एकोणीस वर्षांचा होता. बेताच्या पैशांत बसेल असं गेमिंगचं मशीन जमवायला त्याने जवळजवळ वर्ष घालवलं होतं. कुठल्या बोर्डावर कुठला प्रोसेसर बसतो, कुठली मेमरी चालते, कार्डाला किती वीज लागते आणि ते कॅबिनेटमध्ये मावतं का, हे सगळं जुळवता जुळवता पावसाळा आणि दिवाळी दोन्ही होऊन गेले. दिवाळीच्या आसपास मेमरीच्या पट्ट्या घरातून नाहीशा झाल्या आणि तशाच परत मिळेनात, तेव्हा त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली होती. आज ते मशीन चालू व्हायचं होतं.

दारात त्याची आई निवेदिता उभी होती. तिने तोंडावर हात ठेवला होता. अभिराम तिच्या बाजूने हॉलमध्ये गेला. त्याचे वडील आशिष पेपर वाचत बसले होते.

"बाबा, तुम्हीच केलंत ना?"

"काय केलं?"

"मेमरी पण तुम्हीच नेली होती. घरातली मुलगी गेली आणि याला गेम सुचतात, असं तुम्ही म्हणाला होता. काल दुपारी तुम्ही घरी आला होता. समोरच्या पलकने पाहिलंय."

आशिष पेपर खाली ठेवून उठले. "मी त्या डब्याला हातसुद्धा लावलेला नाही."

"आजपासून माझ्याशी बोलू नका," अभिराम म्हणाला. तो आत गेला आणि दार लावून घेतलं. ऋषभ हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन तसाच बाहेर राहिला.

२

उषा दिघे आशिषची सख्खी आत्या. विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. सांवेर रोडच्या कारखान्यांमध्ये गोदाम जळालं, यंत्र बंद पडलं, मालात पाणी शिरलं की उषाताई जायच्या आणि सांगायच्या, हा अपघात आहे की कुणाचं काम. निवृत्त झाल्यावर त्या वैशाली नगरात एकट्या राहत होत्या.

सोमवारी आशिष कारखान्यात जायच्या आधी त्यांच्याकडे आला. तो पॅकिंगच्या एका युनिटमध्ये सुपरवायझर होता. माणसांवर आवाज चढवायची सवय असलेला हा गडी त्या दिवशी चहाचा कप नुसता धरून बसला होता.

"आत्या, माझा मुलगा मला चोर समजतो."

"तू केलंस का?"

"तू पण?"

"मी सगळ्यांना विचारते. तुलाही विचारणारच."

"नाही केलं. मला ते मशीन नको होतं, हे खरं आहे. अबोली गेल्यापासून तो खोलीतून बाहेर येत नाही. आता गेमचा डबा दिला की संपलंच, असं मला वाटत होतं. ते मी तोंडावर बोललो. पण चोरून मोडायला मी काय..." त्याने वाक्य सोडून दिलं. "एकच मूल उरलंय गं माझं. बोलत नव्हताच फारसा. आता माझ्याकडे बघतही नाही."

अबोली अभिरामची मोठी बहीण. दीड वर्षापूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. दोघं भावंडं एका मोबाइलवर आळीपाळीने खेळायची. असं मशीन बांधायचं हे त्या दोघांचं ठरलेलं होतं.

"काल-परवा घरी कोण कोण होतं?" उषाताईंनी विचारलं.

"शनिवारी सकाळी ऋषभने सगळं जोडलं, कार्ड सोडून. कार्ड अभिराम स्वतः लावणार होता. मग दोघं कीबोर्ड आणायला गेले. मी दुपारी गोदामाच्या किल्ल्या विसरलो म्हणून पाच मिनिटं येऊन गेलो. निवेदिताची शाळा शनिवारी लवकर सुटते, ती घरीच होती. समोरची पलक येऊन गेली, तिच्याकडे आमची एक चावी असते. बस, एवढेच."

"निवेदिताला या मशीनमधलं काय कळतं?"

आशिष इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्यासारखा झाला. "ती संस्कृत शिकवते आत्या. तिला यातलं ओ की ठो कळत नाही."

"बरं. आणि काय काय शाबूत राहिलं?"

"म्हणजे?"

"आगीत काय जळलं ते सगळेच सांगतात. मी काय वाचलं ते बघते. चल, मला तुमच्या घरी सोड."

३

अभिरामच्या खोलीचा पडदा ओढलेला होता. टेबलावर मशीन उघडं पडलं होतं; प्रोसेसर तेवढा ऋषभने तपासायला नेला होता. उषाताईंनी चष्मा बदलला आणि एकेक भाग जवळून निरखला.

"हे ग्राफिक्स कार्ड. यातली सगळ्यात महाग वस्तू हीच ना?"

"हो," अभिराम पलंगावरून म्हणाला.

"आणि शनिवारी दुपारी हे कुठे होतं?"

"इथेच. टेबलावर, डब्यात."

"दिवाळीत मेमरी गेली तेव्हा?"

"तेव्हा पण होतं. कार्ड सगळ्यात आधी घेतलं होतं."

म्हणजे दोन्ही वेळा महागडी वस्तू हाताशी होती, आणि दोन्ही वेळा तिला कुणी शिवलं नव्हतं. उषाताई सॉकेटवर वाकल्या. बाकीच्या बोर्डावर एकही ओरखडा नव्हता. प्रोसेसर आणि पंखा यांच्या मधे राखाडी रंगाची चिकट पेस्ट लावतात. ती कडेला सांडली असावी, पण कुणीतरी कापसाने अलगद पुसून घेतली होती. पंख्याला उरलेल्या पेस्टखाली एक पांढरा धागाही अडकला होता.

"ऋषभ कापूस वापरतो का रे?"

"नाही. तो टिश्यू वापरतो."

मोडणाऱ्याने पंखा सोडवला होता. तरफ उचलली होती, प्रोसेसर काढला होता, एवढ्याच चार-दोन पिना दाबल्या होत्या आणि सगळं परत जागच्या जागी बसवून पुसून ठेवलं होतं. उषाताईंनी रागाने मोडलेली यंत्रं पुष्कळ पाहिली होती. त्यात हातोडा असतो, पाणी असतं, तुटलेली वायर असते. हे राग आलेल्या माणसाचं काम नव्हतं. ज्याने मोडलं, त्याने बाकीच्या मशीनची काळजी घेतली होती.

"हे सगळं ठरवताना तुला मदत कुणाची होती?"

"ऋषभची. दुकानात तो जायचा, मला नको वाटतं बाहेर. बाकी..." तो जरा थांबला. "संध्याकाळी आईला सांगायचो मी. ती पोळ्या करायची आणि विचारायची, हा बोर्ड का नाही, तो का. तेच तेच विचारायची. मी पुन्हा सांगायचो."

"कंटाळा नाही यायचा?"

"नाही," तो म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "आता झालंच असतं सगळं. आईला म्हटलं होतं, मशीन सुरू झालं की माझं ताट पण आत देत जा. मग मला कुणाची गरज नाही पडणार."

हे तो दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं सपाट आवाजात बोलला. उषाताई चष्मा काढून उठल्या.

स्वयंपाकघरात निवेदिता चहा गाळत होती.

"आत्या, एक सांगू? अभिरामसमोर नाही बोलले मी," ती दबक्या आवाजात म्हणाली. "तो आता ऋषभवरही संशय घेतोय. शनिवारी अभिराम स्कूटर काढायला खाली गेला, तेव्हा ऋषभ खोलीत एकटा होता ना, म्हणून. पण त्या मुलाने काही केलेलं नाही. निघायच्या आधी त्याने मशीन लावून बघितलं होतं. मी दारातून पाहिलं. स्क्रीनवर पांढरी अक्षरं आली होती. कार्ड डब्यातच होतं, पण प्रोसेसरचं आपलं ग्राफिक्स असतं, म्हणून स्क्रीन लागला. म्हणजे ऋषभ गेला तेव्हा सगळं ठीक होतं."

"म्हणजे जे झालं ते नंतर झालं."

"हो."

"आणि नंतर घरी फक्त तू, पलक आणि आशिष."

निवेदिताने गाळणी धुवायला घेतली. पाण्याच्या आवाजात ती म्हणाली, "आता तो बोर्ड मिळत नाही म्हणे. नवा घेतला तर मेमरी पण बदलावी लागेल, जुन्या मेमरीची खाच नव्यात बसत नाही. मग कार्ड, वीज, सगळं पुन्हा जुळवायचं. पहिल्यापासून."

उषाताईंनी तिच्याकडे पाहिलं. निवेदिताच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात दुःख नव्हतं. तो सुटका झालेल्या माणसाचा आवाज होता.

४

समोरच्या फ्लॅटमधली पलक बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिने दार उघडल्या उघडल्या सांगून टाकलं, "आंटी, माझ्या भावाला ते कार्ड पाहिजे होतं, हे खरं आहे. त्याने अभिरामला विचारलं पण होतं. पण चोरी वगैरे आम्ही नाही करत."

"कार्ड गेलेलं नाही, बेटा. शनिवारी तू कशाला गेली होतीस?"

"कुकर परत द्यायला. अंकलजी तेव्हाच जिना उतरत होते, किल्ल्या हातात. घाईत होते. मी चावी नाही वापरली, बेल वाजवली. निवेदिता आंटीने दार उघडायला खूप वेळ लावला. मला वाटलं झोपल्या असतील. पण चष्मा लावलेला होता."

"आणखी काही?"

पलकने आठवून पाहिलं. "त्यांच्या हातात बांगड्या नव्हत्या. मंगळसूत्र पण नाही. मला एकदम कसंतरी वाटलं. त्या मला नेहमी टोकतात ना, रिकाम्या हातांनी फिरू नकोस म्हणून. मी विचारलं तर म्हणाल्या, भांडी घासत होते."

"भांडी घासताना ती बांगड्या काढते?"

"नाही ना! म्हणून तर लक्षात राहिलं."

उषाताई परत आल्या. अभिरामच्या दारावर टकटक करून त्यांनी एकच विचारलं.

"मशीनच्या आत हात घालण्याआधी तुम्ही काय करता?"

"धातूचं सगळं काढून ठेवायचं. अंगठी, घड्याळ, कडं. एखादी वस्तू बोर्डाला लागली तर बोर्ड जातो." तो त्यांच्याकडे बघू लागला. "का?"

"उगाच," त्या म्हणाल्या. आता त्यांना फक्त ऋषभला भेटायचं होतं, आणि तो काहीतरी वेगळं सांगेल अशी त्या मनातल्या मनात प्रार्थना करत होत्या.

५

ऋषभ आरएनटी मार्गावरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानाबाहेर भेटला. लहानपणापासून अभिरामच्या घरात खेळून वाढलेला तो जैनांचा मुलगा घरच्यासारखीच मराठी बोलायचा, फक्त मधेच हिंदीत घसरायचा.

"आजीजी, मी नाही केलं. पण अभिराम म्हणत असेल तर... उसका भी क्या कसूर. त्याला कुणावर तरी चिडायला पाहिजे."

"निवेदिता म्हणते तू नाही केलंस. तू निघताना मशीन लावून पाहिलंस, स्क्रीनवर अक्षरं आली, हे तिने पाहिलंय."

ऋषभच्या चेहऱ्यावर आनंद यायला हवा होता. तो गोंधळला.

"आंटीने असं सांगितलं?"

"हो. तुझ्या बाजूनेच बोलली."

"पर आजीजी, मी मशीन लावलंच नव्हतं. मी फक्त खाली सांडलेले स्क्रू वेचत होतो. पहिल्यांदा बटण अभिरामच दाबणार, असं ठरलं होतं आमचं." तो घुटमळला. हे सांगितलं तर आपली सुटका हातची जाईल, हे त्याला कळत होतं. तरी त्याने सांगितलं. "आणि लावलं असतं तरी स्क्रीन आला नसता. कार्ड नव्हतं ना."

"प्रोसेसरचं स्वतःचं ग्राफिक्स असतं म्हणे."

"असतं. आम्ही आधी तोच ठरवला होता. पण दुकानात तो मिळालाच नाही. मग एफवाला घेतला. त्याच्या नंबराच्या शेवटी एफ असतो. तसाच प्रोसेसर, फक्त आतलं ग्राफिक्स नाही. कार्ड लावल्याशिवाय त्याच्यावर काहीच दिसत नाही. डबा पण नव्हता, सुटाच मिळाला."

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"मी आणि अभिराम. गेल्या शुक्रवारीच तर बदललं."

"मला तो प्रोसेसर दाखवशील? तो अभिरामने तुझ्याकडे दिला होता ना तपासायला?"

ऋषभने पिशवीतून प्लास्टिकचं छोटं खोकं काढलं. प्रोसेसरच्या पाठीवर राखाडी पेस्टचा थर तसाच होता, त्याखाली काय लिहिलंय ते कुणालाच दिसलं नसतं. उषाताईंनी रुमालाने पेस्ट पुसली. धातूवर कोरलेला नंबर वर आला. शेवटचं अक्षर एफ होतं.

त्या दुकानाच्या पायरीवर बसल्या.

"काय झालं आजीजी? तब्येत?"

"नाही रे. तू जा. तुझ्यावर काही नाही आता."

६

दुपारची शाळा सुटली होती. आठवीच्या वर्गात निवेदिता एकटीच वह्यांचा गठ्ठा बांधत होती. उषाताई पुढच्या बाकावर बसल्या.

"निवेदिता, तू एक खोटं बोललीस. चांगल्या मनाने बोललीस, पण खोटं."

निवेदिताचे हात थांबले.

"स्क्रीन लागला नव्हता. लागूच शकत नव्हता. शेवटच्या क्षणी त्यांनी प्रोसेसर बदलला, एफवाला घेतला. तुला ते माहीत नव्हतं, कारण वर पेस्ट होती. पण तुझ्या घरातल्या लोकांना वाटतं तुला यातलं काही कळत नाही, आणि तू मला कार्डाशिवाय स्क्रीन का लागतो ते समजावून सांगितलंस. जुन्या मेमरीची खाच नव्या बोर्डात बसत नाही, हेही सांगितलंस."

"अभिरामकडून ऐकलं असेल मी."

"ऐकलंस, आणि शिकलीसही. शनिवारी तू बांगड्या काढल्या होत्यास. मंगळसूत्रसुद्धा. कारण त्याने शिकवलं होतं, आत हात घालताना अंगावर धातू नको. पिना वाकवायला बसलेली बाई बोर्ड जळू नये म्हणून मंगळसूत्र काढून ठेवते! नंतर कापसाने पेस्ट पुसते. आशिषने केलं असतं तर त्याने तो डबा गॅलरीतून खाली फेकला असता. चोराने कार्ड नेलं असतं. पण दोन्ही वेळा नेमकी तीच वस्तू गेली, जिच्यामुळे सगळी जुळणी नव्याने करावी लागते. ते मशीन होऊ नये असं तुला वाटत नव्हतं. त्याचं ठरवणं संपू नये, एवढंच तुला हवं होतं."

बाहेर शिपाई एकेक वर्ग बंद करत येत होता. निवेदिता बाकावर टेकली.

"अबोली गेल्यावर तो माझ्याशी बोललाच नाही, आत्या. भूक आहे, भूक नाही, एवढंच. मग एक दिवस स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, हा बोर्ड घेतला तर ती मेमरी चालेल का? हे तो अबोलीला विचारायचा. सवयीने विचारून बसला असेल. मी म्हटलं, मला समजाव. तो ओट्याला टेकून बोलत राहिला. माझी पोळी करपली तरी मी हलले नाही. मग रोज यायला लागला."

"आणि तू रोज तेच विचारायचीस."

"मला कधीच पाठ झालं होतं. संस्कृतात शब्द चालवतो ना आम्ही, विशेषणाचं लिंग, वचन, विभक्ती सगळं नामाशी जुळावं लागतं, तसंच आहे ते. पण कळलं म्हटलं असतं तर त्याने बोलणं थांबवलं असतं. मग वस्तू यायला लागल्या. एकेक डबा आला की मी उरलेल्या संध्याकाळी मोजायचे. ताट आत देत जा म्हणाला, त्या दिवशी..." तिने डोळे पुसले नाहीत. "मेमरी मी माझ्या कपाटात ठेवली. त्यावर आणखी दोन महिने मिळाले मला."

"आणि आशिष?"

"अभिराम त्याच्याशी तसाही बोलत नव्हता. मला वाटलं, आशिष सहन करेल. ऋषभ तुटला असता तर माझ्या पोराला जगात कुणीच उरलं नसतं."

"तो सहन करत नाहीये, निवेदिता. माझ्याकडे येऊन बसला होता. चहाचा कप त्याच्या हातात तसाच निवला."

निवेदिताने गठ्ठ्याची गाठ घट्ट ओढली.

"तू सांग, नाहीतर मला सांगावं लागेल," उषाताई म्हणाल्या. आयुष्यभर त्यांनी हेच वाक्य कारखानदारांना ऐकवलं होतं. खरं काय ते सांगायचं, मग ज्याचं त्याने बघायचं.

शिपायाने दारात येऊन किल्ल्या वाजवल्या. "मॅडमजी, बंद करना है."

"आज संध्याकाळी सांगते," निवेदिता म्हणाली. "तुम्ही या, आत्या. मला एकटीला नाही जमणार."

७

संध्याकाळी ती बोलली. हॉलमध्ये चौघंच होते. तिने मेमरीच्या पट्ट्या कपाटातून आणून टेबलावर ठेवल्या आणि एका दमात सगळं सांगितलं. आशिष भिंतीला टेकून ऐकत होता. तो आधी संतापला, मग त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

अभिराम ओरडेल, काही फेकेल, अशी उषाताईंची तयारी होती. त्याने तसं काहीच केलं नाही. तो पट्ट्यांकडे बघत राहिला.

"म्हणजे तुला सगळं कळत होतं," तो म्हणाला.

"सुरुवातीला नाही कळायचं रे. खरंच."

"आणि नंतर? मी सांगायच्या आधीच तुला माहीत असायचं?"

निवेदिताने टेबलावरच्या पट्ट्या एकमेकींशेजारी सरळ केल्या.

"मला वाटायचं, मी तुला काहीतरी शिकवतोय." त्याचा आवाज आत्ता कुठे हलला. "मला वाटायचं, तुला ते ऐकायचंय."

"ऐकायचंच होतं मला. अभि, तूच तर ऐकायचा होतास मला."

"तू माझी कीव करत होतीस, आई. मी रोज यायचो आणि तू नाटक करायचीस."

"नाटक नव्हतं ते!"

तो उठला. वडिलांसमोर उभा राहून, त्यांच्या शर्टाच्या बटणाकडे बघत म्हणाला, "सॉरी, बाबा." आशिषने हात पुढे केला, पण तोवर तो वळला होता. निवेदिता त्याच्या मागे धावली. तिने त्याचा दंड धरला. त्याने झटका दिला नाही, फक्त ती सोडेपर्यंत तसाच थांबला, आणि तिने सोडल्यावर आत गेला.

निवेदिता तिथेच जमिनीवर बसली. आशिष तिच्याजवळ गेला नाही. त्याला जावंसं वाटत होतं हे उषाताईंना दिसत होतं, पण त्याचे पाय हलले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात ऋषभ नवा बोर्ड घेऊन आला. तो त्याने एकट्यानेच ठरवला. अभिराम म्हणाला होता, काहीही घे, चालेल. मशीन लागलं. ते चांगलं चालत होतं, असं ऋषभने फोनवर सांगितलं. आपण आता तिकडे फार जात नाही, म्हणाला. दोघं आपापल्या घरून एकत्र खेळतात, जायची तशी गरज पडत नाही. बोलणं गेमपुरतंच होतं.

उन्हाळा लागता लागता आशिष एकदा कारखान्यातून सुटल्यावर उषाताईंकडे आला. त्याने हेल्मेटही काढलं नाही, दारातच उभा राहिला.

"आत ये ना. बस."

"नको, जातो. निवेदिता एकटी असते." जायला वळून त्याने जिन्याचा कठडा धरला. "ताट ती आत नेते. तो घेतो, थँक्यू म्हणतो. परक्या बाईला म्हणावं तसं. ती त्याच्याशी काही बोलायला गेली की त्याला वाटतं, आई पुन्हा खोटं वागतेय. तो माझ्याशी पण नीट बोलतो हं. विचारलं तेवढं बोलतो."

"मी खरं काय ते शोधलं, आशिष. तूच आला होतास."

"हो ना. मीच आलो होतो." हेल्मेटच्या काचेमागे त्याचे डोळे नीट दिसत नव्हते. "आत्या, तू मला चोर राहू द्यायला पाहिजे होतं. बापावर रुसलेलं पोर निदान आईकडे तरी जातं."

इतक्या वर्षांत उषाताईंना कुणी असं म्हटलं नव्हतं. निर्दोष ठरलेली माणसं नेहमी पेढे घेऊन यायची.

आशिष जिना उतरला. खाली त्याची स्कूटर दोन-तीन किका मारूनही सुरू होईना. मग तो ती हाताने ढकलत कोपऱ्यापर्यंत गेला. उषाताई गॅलरीत उभ्या राहून, तो वळून दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या.